विशाखाने लावलेली धार

विशाखा गेल्याचं मला कुणी सांगितलं नाही. मी ते वाचलं. सकाळी चहा घेताना कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी पेपरातल्या एका छोट्या चौकटीचा फोटो टाकला होता आणि खाली हात जोडले होते. विश्रांतवाडीत राहणारी, आयटी कंपनीतली तरुणी, मोबाइलवरच्या गेमच्या नादात दुचाकीवरून तोल जाऊन पडली आणि दगावली, अशी ती बातमी. नाव नीट छापलं होतं. वय बरोबर होतं. पत्ता आणि नोकरीही बरोबर. फक्त ती कशी गेली, तेवढं साफ खोटं होतं.

या पुरवणीच्या संपादकांनी मला तिच्याविषयी हळवं, आठवणीतलं काहीतरी लिहायला सांगितलंय. हळवं मला जमत नाही. मी पत्रकं लिहिते. फूटपाथवर उभ्या केलेल्या गाड्या, छप्पर नसलेले बसथांबे, अर्धवट सोडलेले रस्ते, असले माझे विषय. विशाखा मला 'पत्रकेबाई' म्हणायची. तेव्हा जे झालं ते आधी पत्रकासारखंच सांगते, म्हणजे गैरसमजाला जागा उरणार नाही. ती संध्याकाळी ऑफिसातून घरी निघाली होती. घराजवळच्या आतल्या रस्त्यावर पाइप टाकायला चर खणला होता. त्याला कठडा नव्हता, दिवा नव्हता, काठीला बांधलेलं लाल फडकंसुद्धा नव्हतं. अंधारात तिची गाडी सरळ त्यात गेली. तिचा मोबाइल गाडीच्या डिकीत, जेवणाच्या डब्याच्या पिशवीखाली होता. पोलिसांनी तो तिच्या आईच्या हातात दिला तेव्हा त्याच्या काचेवर ओरखडाही नव्हता. आणि ती मोबाइलवर गेम खेळायचीच नाही. तिचा गेम घरच्या कॉम्प्युटरवरचा, टेबल-खुर्चीवर बसून खेळायचा.

मग बातमीत गेम आला कुठून? हॉस्पिटलच्या दारात बातमीदाराने तिच्या मामांना विचारलं, मुलीला काही सवयी वगैरे? मामा रडत होते. ते म्हणाले, "घरी आली की सारखी गेम खेळत असायची हो." एवढंच. रडणाऱ्या माणसाच्या तोंडचं ते वाक्य उचललं आणि चराच्या जागी बसवून दिलं. सोपं आहे. चराला ठेकेदार असतो, ठेकेदाराच्या ओळखी असतात, छापलं की फोन येतात. गेमच्या बाजूने फोन करायला कुणी नसतं. मी त्या पेपरच्या कचेरीत गेले. तिथल्या गृहस्थांनी मान वर न करता विचारलं, "आपण मयताच्या कोण?" म्हटलं, मैत्रीण. "मग खुलासा छापू की." कुठे छापाल? "जागा असेल तिथे." जागा नाव बदलल्याच्या जाहिरातींच्या शेजारी होती. चार ओळी. ज्याने मूळ बातमी वाचली त्याने त्या वाचल्या असण्याची शक्यता शून्य.

मला त्या गृहस्थांचा राग आहेच, पण त्याहून जास्त राग येतो तो 'पण' या शब्दाचा. हुशार होती, पण. कष्टाळू होती, पण. एकटीच्या जिवावर आईने वाढवली, पण... भेटायला येणारा प्रत्येक जण तो 'पण' घेऊन आला आणि काकूंच्या बैठकीच्या खोलीत ठेवून गेला. विशाखाची आई, सुमनकाकू, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारी बाई. मी दहाएक दिवसांनी गेले तेव्हा कॉम्प्युटर टेबलावरून खाली उतरवला होता आणि जुन्या चादरीत गाठोडं बांधून दाराजवळ ठेवला होता. म्हणाल्या, "रविवारी भंगारवाला येतो, त्याला देऊन टाकते. मीच तिला तो डबा आणून दिला ना... मीच दिला." मी मोबाइलचं सांगितलं, डिकीचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पेपरात उगीच कसं छापतील गं?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की खुलासा कुठे छापायला हवा होता. त्या घरात.

तो डबा आणला त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर होते. विशाखाला टेस्टिंगची नोकरी लागली होती. काकूंनी ठरवलं होतं की पहिली मोठी वस्तू आपण घेऊन द्यायची. बुधवार पेठेत एकेक भाग वेगळ्या दुकानातून घ्यायचा असतो, इथे कॅबिनेट, तिथे ग्राफिक्स कार्ड. दुकानदार माझ्याशी बोलेना, विशाखाशी बोलेना, काकूंकडे बघून म्हणाला, "मावशी, मुलगा कितवीला आहे?" काकू म्हणाल्या, "मुलगी आहे. पगार घेते. तुम्ही तिच्याशीच बोला, मला यातलं कळत नाही. आणि तुम्हाला किती कळतं ते ती सांगेल." विशाखाने पुढचा बराच वेळ त्या माणसाला असे प्रश्न विचारले की शेवटी त्याने स्टूल पुढे करून "बसा मॅडम" म्हटलं. परतताना रिक्षात ते खोकं काकूंच्या मांडीवर होतं. त्यांनी ते कुणाला धरू दिलं नाही.

आता त्या गेमबद्दल. ज्यांनी आयुष्यात तो पाहिला नाही अशा लोकांनीच त्याच्यावर सगळं खापर फोडलंय, म्हणून सविस्तर सांगते. जुन्या काळातल्या एका राज्याची गोष्ट आहे. किल्ले, जंगलं, लुटारू, लांडगे, डोंगरात झोपलेला एक अजस्र सर्प. आपण आपापल्या घरून खेळतो, पण पडद्यावर एकत्र असतो आणि हेडफोनवरून एकमेकांशी बोलतो. पुण्यातल्या आम्हा दहा-बारा जणांची एक टोळी होती. त्यात बहुतेकांना तलवार घेऊन पुढे धावायचं असायचं. विशाखाने वेगळं काम निवडलं. त्या राज्यात तलवार नुसती असून भागत नाही, तिच्यावर काहीतरी चढवावं लागतं. घासून धार लावायची, लांडग्यांसाठी एका जातीचं विषारी तेल पुसायचं, थंडीच्या मुलखात पात्याला राळ फासून पेटवायची, घामाने मूठ निसटू नये म्हणून चामड्याची पट्टी गुंडाळायची. हे सगळं स्वतः बनवावं लागतं. मेण गोळा करा, झाडाचा चीक काढा, कुठल्या मुळीबरोबर काय उकळलं की काय होतं ते करून बघा. विशाखा हे दिवसभर ऑफिसात करायची तसंच करायची, म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलून. तिची धार टोळीत सगळ्यात जास्त टिकायची. आणि त्या गेमची एक रीत आहे, जो धार लावतो त्याचं नाव पात्यावर उमटतं. आम्ही सगळ्यांनी तिथे सरदारांची वगैरे नावं घेतली होती. तिने स्वतःचंच ठेवलं होतं. त्यामुळे टोळीतल्या प्रत्येक तलवारीवर एकच नाव असायचं, विशाखा. घाव घालत गेलं की धार उतरते आणि नावही फिकट होत जातं. पूर्ण पुसलं की पुन्हा तिच्याकडे जायचं.

कर्वेनगरचा अथर्व आमचा म्होरक्या. मनाने वाईट नाही, पण जन्मापासून कुणीतरी ताट वाढून देणार हे गृहीत धरलेला. एकदा तो हेडफोनवर म्हणाला, "विशाखा, तू पुढे येऊ नकोस, मागेच भट्टीवर थांब. सगळ्यांचं आजच्या आज करून ठेव. मुलींना असलं बारीक काम छान जमतं." मग विशाखाने शांतपणे विचारलं, "बलुतं काय देणार?" अथर्वला कळेना. तो म्हणाला, "म्हणजे?" ती म्हणाली, "म्हणजे सुगीला किती पायल्या? आमच्या आजोबांनी धम्म घेतला आणि गावकीची कामं टाकली. ती काय मी पुण्यात कॉम्प्युटर घेऊन तुझी तलवार फुकट घासायला बसावं म्हणून?" पुढचा आठवडाभर तिने भट्टी बंद ठेवली. ती नेमाने गेममध्ये यायची, नदीकाठी बसून मासे पकडायची. आमच्या टोळीने त्या आठवड्यात मेंढ्या चोरणाऱ्या पोरांकडूनही मार खाल्ला. शेवटी अथर्व तिच्या भट्टीवर गेला आणि "चुकलं" म्हणाला. पुण्यात वाढलेल्या माणसाने हा शब्द उच्चारल्याचं मी तेवढं एकदाच ऐकलंय. त्यानंतर तिचा नियम झाला. ज्याला धार हवी त्याने सामान स्वतः आणायचं, धार लागेपर्यंत भट्टीशेजारी उभं राहायचं आणि लढाईला निघताना विशाखा पहिल्या रांगेत असेल. ती मला म्हणाली होती, "मला बनवायला आवडतं गं. पण बनवणारी म्हणजे मोलकरीण नव्हे, एवढं त्यांना कळलं की झालं."

तिचा दुसरा संताप साठवणाऱ्यांवर होता. आणि साठवणारे आम्ही सगळेच. तिने बनवलेलं चांगलं तेल हातात आलं की आम्ही ते पिशवीत टाकायचो. लांडग्यांवर कशाला वाया घालवायचं, लुटारूंवर कशाला, शेवटी तो सर्प येईल तेव्हा काढू. पुणेरी घरातला काचेच्या कपाटातला टी-सेट असतो ना, पाहुण्यांसाठी ठेवलेला, आणि पाहुण्यांना स्टीलच्या पेल्यात चहा मिळतो, तसं. एकदा आम्ही एका खिंडीत फार वाईट हरलो. सगळे मेले आणि प्रत्येकाच्या पिशवीत तिच्या तेलाच्या कुप्या भरलेल्या. मग हेडफोनवर विशाखाचा आवाज आला, "मेलात ना? आता ते तेल डोक्याला लावा. केस तरी चांगले होतील." त्या दिवसापासून तिने ठरवलं की धार लावून दिली की ती त्याच दिवशी वापरायची, नाहीतर पुन्हा यायचं नाही. समोर लांडगा असो की कोंबडी. ती म्हणायची, "धार ठेवून ठेवून कोण मोठं झालंय? गंज मोठा होतो." माझ्या पत्रकांनाही तिने हेच लावलं. मी एका कागदात शहराचे सगळे प्रश्न कोंबायचे. ती वाचून कागद परत द्यायची. "पत्रकेबाई, सहा मागण्या आहेत, एकही टोचत नाही. एक ठेव. बाकीच्या गंजासारख्या घासून टाक."

असं सगळं असताना तिच्यामागे त्या टोळीने काय करावं? गेममधल्या गावात, मोठ्या दालनात काचेची कपाटं उभी केली आणि आपापल्या तलवारी त्यात ठेवल्या. तिने शेवटची धार लावलेल्या, एक-दोनदाच वापरलेल्या, नाव अजून ठळक असलेल्या. समोर मेणबत्त्या. मी ते बघितलं आणि माझं डोकं फिरलं. मी अथर्वला फोन केला. तो म्हणाला, "अगं, वापरल्या की नाव पुसणार. आता नवीन कोण लावणार? एवढंच राहिलंय तिचं." मी म्हटलं, "जिवंत होती तेव्हा वापरायला सांगून थकली. आता गेल्यावर तिलाही शोकेसमध्ये ठेवा." तो म्हणाला, "तुला प्रत्येक ठिकाणी मोर्चाच काढायचा असतो का?" मी फोन ठेवला. पेपरने तिला खड्ड्याऐवजी गेममध्ये पाडलं आणि गेमवाल्यांनी तिला कपाटात बंद केलं. तिची खरी ओळख असलेला कॉम्प्युटर चादरीत बांधून दाराशी, रविवारची वाट बघत.

त्या रविवारी मी सकाळीच विश्रांतवाडीला गेले. काकूंना म्हटलं, "देऊन टाका, मी अडवत नाही. फक्त त्याआधी एकदा चालू करू द्या. तुम्ही शेजारी बसा. ती काय करत होती ते डोळ्यांनी बघा, मग काय ठरवायचं ते ठरवा." त्या स्वतःच खाली बसून गाठ सोडायला लागल्या. नर्सच्या हाताने बांधलेली गाठ, एका ओढीत सुटली. मी वायरी जोडल्या. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीखाली पुन्हा तो पडदा उजळला. विशाखाच्या नावाने आत जायची माझी छाती झाली नाही. मी माझ्या नावाने गेले आणि काकूंसाठी हेडफोन काढून आवाज खोलीत सोडला, माइकही चालू ठेवला. रविवार असल्यामुळे टोळीतले बरेच जण आत होतेच. मी काकूंना तिची भट्टी दाखवली, विझलेली. ती कुठून मेण आणायची ते दाखवलं. मग दालनात नेलं. त्यांनी चष्मा लावला आणि पडद्याजवळ तोंड नेऊन एकेक पातं वाचलं. विशाखा. विशाखा. विशाखा. "एवढी सगळी हिने केली?" म्हटलं, हो. "आणि ही अशी ठेवून का दिलीत?"

मी काही बोलायच्या आत अथर्वचा आवाज आला. "काकू, नमस्कार. मी अथर्व. वापरलं की नाव जाईल हो, म्हणून..."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "हाच का तो फुकट्या?"

मला हसू आवरेना. विशाखा जेवताना घरी सगळं सांगत होती तर. पलीकडे अथर्व खाकरला आणि म्हणाला, "हो काकू. मीच तो."

"हे बघ बाळा," काकू पडद्याकडे तोंड करून, दवाखान्यातल्या आवाजात म्हणाल्या, "मी अख्खी नोकरी औषधांच्या कपाटाशेजारी काढली. बाहेर पेशंट तळमळतोय आणि आमच्या मोठ्या सिस्टर इंजेक्शन जपून ठेवतायत, कुणी मोठा माणूस आला तर लागेल म्हणून. मोठा माणूस यायचा नाही. तारीख उलटायची. मग मी ती औषधं फेकायची. माझ्या हाताने फेकलीत मी ती. माझ्या मुलीची धार नाही फेकायची. कळलं? काढा बाहेर."

कपाटं उघडली. आम्ही गावाच्या वेशीबाहेर गेलो, कारण विशाखाच्या नियमात मोठ्या शत्रूची वाट बघणं बसत नव्हतं. समोर लांडगे होते, साधे, रोजचे. काकू माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. पहिला घाव पडला तसं माझ्या पात्यावरचं नाव किंचित फिकट झालं. त्यांना ते दिसलं. त्यांची बोटं खुर्चीवर घट्ट झाली, पण "थांब" म्हणाल्या नाहीत. उलट मधेच म्हणाल्या, "डावीकडून येतोय बघ एक." एकेकाची धार उतरत गेली आणि जो तो तेवढंच सांगत होता, माझं गेलं... माझंही गेलं. शेवटचं माझं होतं. मी काकूंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. मी घाव घातला. पातं कोरं झालं.

"संपलं?" त्यांनी विचारलं.

"संपलं."

"चांगली होती की धार. किती लांडगे मारलेत." त्या खाली बसल्या, चष्मा काढून पदराने पुसला आणि पहिल्यांदाच, अंत्यविधीनंतर पहिल्यांदाच, मोठ्याने रडल्या. रडून झाल्यावर विचारलं, "फोन खरंच डिकीत होता ना गं?" म्हटलं, डब्याच्या पिशवीखाली. पोलिसांनी तुमच्याच हातात दिला, तुम्हीच बघितला. "हो," त्या म्हणाल्या. "काच धड होती." मग स्वतःशीच, "खड्डाच होता तो." रस्त्यावरून भंगारवाल्याची आरोळी आली तेव्हा त्या गॅलरीत गेल्या आणि वरूनच म्हणाल्या, "आज काही नाही रे बाबा. पुढे जा." चादर घडी करून कपाटात ठेवली.

त्यांनी आणि मी मिळून एक पत्रक काढलंय. त्यात एकच मागणी आहे. जिथे रस्ता खणाल तिथे अंधार पडायच्या आत कठडा आणि दिवा लावा. बाकी सगळ्या मागण्या मी काढून टाकल्या. काकू ते स्वतः वाटतात, भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला, मामांना, आणि घरी 'पण' घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला. त्या चरावर आता डांबर आहे, इतकं गुळगुळीत की तिथे काही झालं होतं असं वाटू नये. म्हणूनच पत्रक वाटत राहायला हवं.

परवा गेले तेव्हा काकू कांदा चिरायला बसल्या होत्या. सुरी चालेना म्हणून त्यांनी ओट्यावरचा निळ्या फुलांचा कप घेतला, उरलेला चहा पिऊन टाकला, कप उपडा केला आणि बुडाच्या खरबरीत कडेवर सुरीचं पातं घासायला लागल्या. ही विशाखाची सवय. या घरातल्या सगळ्या सुऱ्या ती त्याच कपाच्या बुडावर घासायची, कंपनीतून आल्या आल्या, गेम उघडायच्याही आधी. कपाच्या कडेवर लोखंडाचे राखाडी ओरखडे अजून आहेत. घासून धुतले तरी जात नाहीत. मी म्हटलं, "काकू, हा तिचा कप ना? फुटेल एखाद्या दिवशी." त्यांनी अंगठ्याने धार तपासली, कांद्याचे दोन तुकडे केले आणि तो कप पुन्हा सरळ करून माझ्यासमोर ठेवला.

"फुटला तर फुटला," त्या म्हणाल्या. "चहा घेतेस ना? ह्यातच देते."